सोनोग्राफीच्या परीक्षेत कशाला किती गुण, हे कोण आणि कसे ठरवते?

प्रश्न : तापीकाठ, जळगाव

नमस्कार. मी जळगावातल्या एका खासगी हृदयरोग रुग्णालयात 9 वर्षांपासून इको (हृदयाची सोनोग्राफी) टेक्निशियन म्हणून काम करतो. आखाती देशांतल्या नोकरीच्या जाहिरातींत एआरडीएमएस या अमेरिकी नोंदणी संस्थेचे किंवा सीसीआय या तिथल्याच दुसऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र मागतात, म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी एआरडीएमएसच्या दोन परीक्षांची तयारी करत आहे. एक भौतिकशास्त्र आणि यंत्रतंत्राची, जिला एसपीआय म्हणतात, आणि दुसरी प्रौढांच्या इकोकार्डिओग्राफीची.

माझ्या आधी याच विभागात असलेल्या एका दादांनी मला त्यांचे जुने गाइड दिले. त्यातली प्रकरणे आपल्या नेहमीच्या पुस्तकांसारखी आहेत : भौतिकशास्त्राची तत्त्वे, ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी सोडणारा आणि टिपणारा प्रोब), डॉप्लर (रक्तप्रवाहाचा वेग मोजण्याची रीत) वगैरे. सध्याचा अधिकृत आराखडा वहीत उतरवून घेतला, तेव्हा मात्र शीर्षकांच्या जागी क्रियापदे दिसली. तपासणी करणे 23 टक्के, ट्रान्सड्यूसर हाताळणे 7, प्रतिमा सुधारणे 26, डॉप्लरच्या संकल्पना वापरणे 34, सुरक्षितता व गुणवत्ता सांभाळणे 10. दादांच्या गाइडात ट्रान्सड्यूसरची रचना, स्फटिक, डॅम्पिंग (स्फटिकाचे कंपन लवकर थांबवणे) यांवर पानेच्या पाने आहेत आणि मी त्यांवर दोन महिने घालवले आहेत. आता त्याला 7 टक्के. हे आकडे 'जॉब टास्क सर्व्हे'वरून येतात, एवढेच मला कळले आहे.

त्यामुळे दोन प्रश्न विचारतो. पहिला, काम करणाऱ्या लोकांनी एका फॉर्मवर खुणा केल्या आणि त्यातून परीक्षेची टक्केवारी निघाली, हे नेमके कसे घडते? दुसरा प्रश्न मला जास्त सलतो. आज सकाळी यावल तालुक्यातली एक 26 वर्षांची बाई इकोसाठी आली होती. दोन जिने चढल्यावर दम लागतो, एवढीच तक्रार. डाव्या कुशीवर वळवून आडवा छेद घेतला, तर मायट्रल झडपेचे तोंड माशाच्या तोंडासारखे अरुंद झालेले. झडपेच्या अगदी टोकाशी छेद मिळेपर्यंत प्रोब केसभर वर, केसभर खाली करत राहिलो, मग कड आखून क्षेत्रफळ काढले, प्रेशर हाफ टाइमने (झडपेवरचा दाबातला फरक निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळेने) ताडून पाहिले आणि फुग्याने झडप उघडता येईल का हे डॉक्टरांना ठरवता यावे म्हणून विल्किन्स स्कोअरचे (झडप किती बिघडली आहे याच्या गुणांकनाचे) चारही भाग लिहून दिले. संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या अशा झडपा आमच्याकडे नित्याच्या आहेत. ज्या सर्वेक्षणातून माझा पेपर तयार होतो, त्यात हे काम मोजले गेले असेल का?

जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर 1 : प्रश्नपेढी, धुळे

तापीकाठ यांस नमस्कार. मी धुळ्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवतो आणि बरीच वर्षे परीक्षा व मूल्यमापनाचे काम पाहतो. सोनोग्राफी माझा विषय नाही, पण प्रश्नपत्रिका कशी बांधतात हा आहे, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आपल्याकडे बी.एड. केलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी संविधान तक्ता आखलेला असतो. डावीकडे घटक, वर उद्दिष्टे आणि चौकटींत गुणभार. शाळेच्या परीक्षेत हा गुणभार पाठ्यपुस्तकातून आणि तासिकांच्या संख्येवरून ठरतो. व्यवसायाचे प्रमाणपत्र देणाऱ्या परीक्षेला तो मार्ग मोकळा नसतो, कारण तिच्यापुढे प्रश्नच वेगळा असतो : हा माणूस उद्या रुग्णाजवळ एकटा उभा राहिला, तर त्याच्या हातून काम नीट आणि अपाय न होता होईल का? त्याचे उत्तर हवे असेल तर आधी ते काम काय आहे हे कागदावर यावे लागते, आणि ते कुणा एका प्राध्यापकाच्या आवडीनिवडीवर सोडता येत नाही.

यामागे कायद्याचाही धक्का आहे. 1971 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात असा निर्णय दिला, की ज्या अटीमुळे किंवा चाचणीमुळे कृष्णवर्णीय उमेदवार मोठ्या प्रमाणात वगळले जातात, तिचा प्रत्यक्ष कामाशी संबंध आहे हे मालकाला दाखवता आले पाहिजे. 1978 साली तिथल्या सरकारी यंत्रणांनी निवडचाचण्यांसाठी एकत्रित मार्गदर्शक नियम काढले आणि त्यांत कामाच्या विश्लेषणाला मध्यवर्ती जागा मिळाली. हे दोन्ही नोकरभरतीबद्दल आहे, पण व्यवसाय-परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीही त्यातून धडा घेतला. आज व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थांचे 17024 क्रमांकाचे मानक आहे, आणि कामाचे विश्लेषण करून ते ठरावीक काळाने ताजे केल्याचा पुरावा त्यात अपेक्षित असतो. एआरडीएमएस ही 1975 साली स्थापन झालेली संस्था या मानकाखाली मान्यता घेऊन चालते. आपल्या वहीतली टक्केवारी बदलण्याचे मूळ इथे आहे. काम बदलते, म्हणून विश्लेषण पुन्हा होते, आणि त्यामागोमाग आराखडा बदलतो.

आता प्रत्यक्ष रीत. प्रथम त्या विषयात रोज काम करणाऱ्या मोजक्या लोकांची समिती बसते. ती कामांची यादी करते, आणि यादीतले प्रत्येक वाक्य क्रियापदाचे असते. 'डॉप्लर' असे कुणी लिहीत नाही. 'प्रवाहाशी कोन साधून स्पेक्ट्रल डॉप्लर नोंदवणे' असे लिहितात. आराखड्यात आपल्याला दिसलेली क्रियापदे या यादीतूनच वर आली आहेत. यादी आधी थोड्या लोकांवर तपासून पाहतात, बोजड किंवा दुहेरी अर्थाची वाक्ये सुधारतात आणि मग ती सर्वेक्षण म्हणून व्यवसायातल्या शेकडो-हजारो लोकांकडे जाते. प्रत्येक कामापुढे साधारण दोन गोष्टी विचारतात : तुम्ही हे किती वेळा करता, आणि हे नीट झाले नाही तर रुग्णाच्या दृष्टीने किती गंभीर. उत्तर देणारा कुठे काम करतो, किती वर्षांपासून, मोठ्या रुग्णालयात की लहान दवाखान्यात, हेही विचारतात, कारण एखादे काम फक्त एकाच प्रकारच्या ठिकाणी होत असेल तर ते सर्वांच्या परीक्षेत असावे का, हे पुढे ठरवायचे असते.

खुणांची टक्केवारी इथे होते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष याच टप्प्यावर द्यायला हवे. समजा, डाव्या जवनिकेचे (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचे) नेहमीचे मोजमाप हे काम वारंवारतेत 5 पैकी 5 आणि महत्त्वात 5 पैकी 4 असे आले. हृदयाभोवती पाणी साचून हृदय दाबले जात असल्याची चिन्हे ओळखणे हे काम वारंवारतेत 1 पण महत्त्वात 5 आले. दोन्ही अंकांचा गुणाकार केला तर पहिल्याला 20 आणि दुसऱ्याला 5, म्हणजे चौपटीचे अंतर पडते. गुणाकाराऐवजी महत्त्व दुप्पट करून बेरीज घेतली, तर पहिल्याला 13 आणि दुसऱ्याला 11, म्हणजे जवळजवळ बरोबरी. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण मुद्दा खरा आहे. लोकांची उत्तरे तीच राहतात आणि सूत्र बदलले की पेपर बदलतो. म्हणून सूत्र आधी ठरवून लिहून ठेवावे लागते, आणि आलेल्या निकालाकडे समितीने पुन्हा डोळसपणे पाहावे लागते. कामांचे हे भार गटागटाने एकत्र केले की आपल्या वहीतले 34 आणि 7 तयार होतात.

ट्रान्सड्यूसरला 7 म्हणजे तो विषय बिनमहत्त्वाचा झाला, असे कृपया समजू नये. कामावरचा माणूस स्फटिक घडवत नाही. तो प्रोब निवडतो, तडा गेलेली केबल ओळखतो, प्रोब स्वच्छ करतो. स्फटिकाबद्दलचे ज्ञान 'प्रतिमा सुधारणे' या 26 टक्क्यांत मुरलेले असणार, कारण डॅम्पिंग न कळता अक्षीय विभेदन (एकामागे एक असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसणे) कसे सुधारते ते सांगता येत नाही. आपले दोन महिने वाया गेलेले नाहीत.

त्यानंतरचे थोडक्यात लिहितो. आराखड्यातल्या प्रत्येक ओळीसाठी प्रश्न लिहून घेतात, ते तपासून प्रश्नपेढीत ठेवतात. उत्तीर्णतेची रेषा ठरवण्यासाठी अँगॉफ यांनी 1971 साली मांडलेली पद्धत अशा परीक्षांत फार वापरली जाते. तज्ज्ञांनी जेमतेम पात्र अशा उमेदवाराची कल्पना करायची आणि असे शंभर उमेदवार असतील तर किती जण हा प्रश्न बरोबर सोडवतील, असा प्रत्येक प्रश्नाचा अंदाज द्यायचा. सगळ्यांच्या अंदाजांच्या सरासरीची बेरीज म्हणजे रेषा. एआरडीएमएसमध्ये गुण 300 ते 700 या मापावर देतात आणि 555 ला उत्तीर्ण धरतात. हे 555 म्हणजे 555 बरोबर उत्तरे नव्हेत किंवा टक्केही नव्हेत. एक संच थोडा अवघड आणि दुसरा थोडा सोपा निघाला तरी रेषेचा अर्थ तोच राहावा, म्हणून हे माप वापरतात.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी असे सर्वेक्षण स्वतः भरले आहे, त्यांनी द्यावे.

उत्तर 2 : चोपडेकर

मी मूळची चोपड्याची. गेली 11 वर्षे अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयात कार्डियाक सोनोग्राफर आहे आणि दोनदा असे सर्वेक्षण भरले आहे. सरांनी रीत इतकी नेमकी मांडली आहे, की मी फक्त भरणाऱ्याच्या बाजूने काय दिसते तेवढे लिहिते.

पहिल्यांदा ईमेल आले तेव्हा माझ्या प्रमाणपत्राला दोनच वर्षे झाली होती. जेवणाच्या सुट्टीत उघडले. पडद्यावर एकाखाली एक कामे, प्रत्येकापुढे गोल, 'कधीच नाही' पासून 'रोज' पर्यंत. सुरुवातीच्या ओळींपाशी मी खरोखर थांबत होते, काल काय केले, परवा काय केले, असे आठवत होते. निम्म्यावर आले तेव्हा गोल आपोआप एका सरळ रेषेत पडू लागले. महत्त्वाच्या रकान्यात तर मी जवळजवळ सगळीकडे 'अत्यंत महत्त्वाचे' अशीच खूण केली, कारण आपल्या कामातले काही कमी महत्त्वाचे आहे असे लिहायला मन धजत नाही. आता कळते, की सगळ्याच कामांना सारखा अंक दिला की त्या रकान्यातून समितीच्या हाती काहीच लागत नाही, आणि मग एकट्या वारंवारतेवर पेपर उभा राहतो.

दुसरी चूक जास्त गंभीर होती आणि ती मी मोकळेपणाने सांगते. स्ट्रेन इमेजिंगपुढे (हृदयाचा स्नायू किती आकसतो हे मोजण्याच्या तंत्रापुढे) मी 'आठवड्यातून अनेकदा' असे भरले. आमच्या विभागात तेव्हा ते नुकतेच सुरू झाले होते आणि माझ्या हातून महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदा होत होते. चांगल्या सोनोग्राफरने काय करावे हे मला ठाऊक होते आणि मी ते भरले. मी काय करते हे भरले नाही. माझ्यासारख्या अनेकांनी असे केले तर आराखडा प्रत्यक्ष कामाच्या चार पावले पुढे जातो आणि लहान दवाखान्यात काम करून परीक्षेला बसणाऱ्याला त्याचा फटका बसतो. दुसऱ्या खेपेला मी आधी दोन आठवड्यांचे वर्कलिस्ट (केलेल्या तपासण्यांची यादी) काढून समोर ठेवले आणि मग खुणा केल्या. वेळ दुप्पट लागला.

भाऊ, आता आपला प्रश्न. संधिवाताची मायट्रल झडप मी इथे वर्षातून मोजक्या वेळा पाहते, आणि तीही बहुतेक बाहेरून स्थलांतर करून आलेल्या रुग्णांत. इथे रोज दिसते ती म्हाताऱ्या माणसांची, चुना साचून कडक झालेली महाधमनीची झडप. प्रतिमा धूसर असेल तर आम्ही शिरेतून कॉन्ट्रास्ट (प्रतिमा उजळवणारे सूक्ष्म बुडबुड्यांचे औषध) देतो, ते रोजचे काम आहे. कृत्रिम झडपा, कॅथेटरने बसवलेल्या झडपा, हृदयाला मदत करणारे पंप लावलेले रुग्ण, हे सगळे इथल्या यादीत आहे. सर्वेक्षण मुख्यतः इथे काम करणाऱ्यांकडे येते, त्यामुळे तुमच्या यावलच्या बाईसाठी तुम्ही केसभर वर, केसभर खाली केलेला प्रोब त्या बेरजेत फारसा नसणार. हे कटू आहे, पण ते ओळखून अभ्यास केलेला बरा.

माझा सल्ला असा. मायट्रल स्टेनोसिसवर, म्हणजे अरुंद झालेल्या मायट्रल झडपेवर, आणखी वेळ घालवू नका, ते तुमच्या हातात आहे. क्षेत्रफळासाठी 220 ला प्रेशर हाफ टाइमने भागायचे हे तुम्ही झोपेतही सांगाल. जी कामे तुमच्या खोलीत होत नाहीत आणि आराखड्यात आहेत, त्यांवर वेळ द्या : कॉन्ट्रास्ट कधी द्यायचा आणि देताना मेकॅनिकल इंडेक्स (ध्वनिलहरींच्या जोराचा यंत्रावरचा आकडा) कमी का करायचा, स्ट्रेनचे आलेख कसे वाचायचे, महाधमनीच्या झडपेत प्रवाह कमी असताना ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) कसा फसवतो. एसपीआयच्या 34 टक्क्यांसाठी पुस्तकापेक्षा यंत्राजवळ बसा. एखाद्या रुग्णावर काम संपले आणि डॉक्टरांची परवानगी असली, की बेसलाइन, स्केल, वॉल फिल्टर (मंद हालचालीचे संकेत गाळणारे बटण), सॅम्पल व्हॉल्यूम (वेग जिथे मोजतो तो ठिपका) या डॉप्लरच्या सेटिंग एकेक करून हलवा आणि पडद्यावर काय बदलते ते वहीत लिहा. प्रश्न तिथूनच येतात.

उत्तर 3 : सातपुड्याचा पायथा, नंदुरबार

वरची दोन्ही उत्तरे वाचून समाधान वाटले. मी नंदुरबार जिल्ह्यात रेडिओलॉजिस्ट आहे. सरांच्या मांडणीत एका ठिकाणी मला अडचण दिसते आणि ती आमच्या जिल्ह्याशी थेट जोडलेली असल्याने लिहिते.

सर्वेक्षण जे काम होते ते मोजते. जे व्हायला हवे आणि होत नाही, ते मोजायला त्याच्याकडे साधन नाही.

आमच्याकडे भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. या आजाराच्या लहान मुलांना पक्षाघाताचा धोका असतो, आणि तो आधी ओळखता येतो. कानशिलावरच्या पातळ हाडातून डॉप्लरने मेंदूच्या मुख्य धमन्यांतला रक्ताचा वेग मोजायचा. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या स्टॉप चाचणीने दाखवून दिले, की सेकंदाला सरासरी 200 सेंटिमीटर किंवा अधिक वेग असलेल्या मुलांना नियमित रक्त दिले तर पहिल्या पक्षाघाताचा धोका 90 टक्क्यांहून जास्त घटतो. त्यानंतर 2 ते 16 वर्षांच्या मुलांची दरवर्षी अशी तपासणी करावी, ही शिफारस रूढ झाली. 1 जुलै 2023 पासून आपल्या देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू आहे.

तरीही माझ्या ओळखीतल्या आसपासच्या एकाही केंद्रात ही तपासणी नेमाने होत नाही, कारण ती शिकलेला माणूस नाही. उद्या आपल्या भागासाठी कामाचे सर्वेक्षण घेतले, तर 'कवटीवरून डॉप्लर करणे' या ओळीपुढे आम्ही सगळे प्रामाणिकपणे 'कधीच नाही' अशी खूण करू. वारंवारता शून्य आली की गुणाकार शून्य. ओळ आराखड्यातून जाईल. परीक्षेत नाही म्हणून शिकवणार नाहीत, शिकवले नाही म्हणून कुणाला येणार नाही, आणि पुढच्या सर्वेक्षणात पुन्हा शून्य. मागच्या वर्षी अक्कलकुव्याकडचा एक 7 वर्षांचा मुलगा माझ्याकडे पोटाच्या सोनोग्राफीसाठी आला. प्लीहा मोजून अहवाल लिहीत होते, तेव्हा त्याची आई म्हणाली की हा दोन महिन्यांपासून उजव्या हाताने भाकर धरत नाही. त्या मुलाच्या कानशिलावर कुणी कधी प्रोब ठेवला नव्हता, आणि मीही तोपर्यंत ठेवला नव्हता. तो दिवस मी विसरलेले नाही.

आपल्या देशातली दुसरी बाजूही इथे नोंदवते. गर्भवतीची सोनोग्राफी कोणी करायची हे 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने आणि त्याच्या 2003 च्या दुरुस्तीने बांधलेले आहे. तो अधिकार पात्र, नोंदणीकृत डॉक्टरांचा आहे, आणि परदेशी प्रमाणपत्र मिळवले तरी तो टेक्निशियनकडे येत नाही, हे तापीकाठ यांना माहीत असेलच. एमबीबीएस डॉक्टरांसाठी 2014 साली जे प्रशिक्षणाचे नियम आले, त्यांत 300 तासांचे प्रशिक्षण, लॉगबुक आणि क्षमता-परीक्षा अशी रचना आहे. तिथे अभ्यासक्रम नियमानेच ठरवून दिलेला आहे. त्या रचनेत एक गुण आहे : आज होत नसलेले पण गरजेचे काम त्यात घालता येते. दोष असा, की काम बदलले तरी राजपत्रातला मजकूर आपोआप बदलत नाही. 2021 च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग आला आहे आणि त्याच्या सूचीत सोनोग्राफरचाही उल्लेख आहे. पुढे कधी आपल्याकडे अशी परीक्षा आखली गेली, तर नुसती वारंवारता मोजून ती आखू नये, एवढे माझे म्हणणे.

उत्तर 4 : प्रश्नपेढी, धुळे

डॉक्टर ताईंच्या लिखाणाने माझ्या उत्तरातली उणीव दाखवून दिली, ती मान्य करतो. वारंवारता शून्य आली की गुणाकार शून्य होतो, हे माझ्याच उदाहरणात लपलेले होते. चांगल्या संस्था यावर दोन उपाय योजतात. वारंवारतेच्या मापात शून्याला बाद करण्याची कसोटी न मानता महत्त्वाचा अंक ठरावीक पातळीपेक्षा वर असेल तर ते काम राखून ठेवतात; आणि समितीला एखादे काम परत घेण्याचा अधिकार देतात, पण कारण लिहून ठेवण्याच्या अटीवर. प्रश्नावलीत 'हे काम नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून यायला हवे का' असा तिसरा रकानाही काही ठिकाणी असतो. त्या रकान्यात नंदुरबारच्या डॉक्टरांनी केलेली खूण वाया जाणार नाही.

तरीही एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. जे काम कुठेच होत नाही ते प्रमाणपत्राच्या परीक्षेत घालून उमेदवाराला नापास करणे मला न्याय्य वाटत नाही, कारण ते शिकण्याची संधी त्याला मिळालेलीच नसते. ती ओळ आधी अभ्यासक्रमात यावी, शिकवणारे तयार व्हावेत, यंत्रे मिळावीत, आणि परीक्षेने दोन पावले मागून यावे. परीक्षेकडे सुधारणेचे ओझे दिले तर ते पहिल्यांदा गरीब आणि लहान गावातल्या उमेदवारावर पडते. ताईंना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

उत्तर 5 : सातपुड्याचा पायथा, नंदुरबार

सर, उमेदवाराला संधी मिळालेली नसते हे खरे. पण आपल्या खासगी संस्थांत परीक्षेत येत नाही ते शिकवत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात एखादी ओळ छापली गेली आणि तिच्यावर 2 गुणांचाही प्रश्न येत नसेल, तर त्या ओळीसाठी प्रोब हातात घेतला जात नाही. मी 2 गुण मागते आहे, नापास करायला मागत नाही.

तापीकाठ यांना एक गोष्ट सांगते. या तपासणीला वेगळे महागडे यंत्र लागतेच असे नाही. तुमच्या इकोच्या यंत्राचा जो 2 ते 3 मेगाहर्ट्झचा सेक्टर प्रोब आहे, त्यानेच कानशिलातून मधली मेंदू-धमनी रंगीत डॉप्लरवर दिसते. 200 ची रेषा प्रतिमा न दाखवणाऱ्या साध्या डॉप्लरवर ठरली होती, आणि प्रतिमेसह मोजलेला वेग थोडा कमी भरतो, एवढे ध्यानात ठेवून वाचन करावे लागते. कोन, सॅम्पल व्हॉल्यूम, स्केल, हे सगळे तुमच्याच 34 टक्क्यांतले आहे.

प्रश्नकर्ता : तापीकाठ, जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. चोपडेकर ताईंचे उत्तर आल्यावर मी एक केले. आराखड्यातली सगळी क्रियापदे एका फुलस्केप कागदावर उतरवली, तो कागद इकोच्या खोलीत यंत्रामागच्या भिंतीवर चिकटवला आणि 15 दिवस प्रत्येक रुग्णानंतर जे काम केले त्यापुढे एकेक रेघ मारली. सोबतच्या मुलालाही त्याच्या रेघा वेगळ्या रंगाच्या पेनाने मारायला सांगितल्या.

कागद काल काढला. स्केल आणि बेसलाइनपुढे रेघांच्या जुड्या पडल्या आहेत. वॉल फिल्टरपुढे एकही रेघ नाही. 9 वर्षांत ते बटण मी जाणूनबुजून कधी फिरवले नव्हते, यंत्र येते त्या सेटिंगवरच सगळे रुग्ण तपासले. काल संध्याकाळी डॉक्टरांना विचारून सोबतच्या मुलालाच टेबलावर झोपवले आणि यकृताच्या शिरेवर ते फिरवून पाहिले. फिल्टर वाढवला तसा बेसलाइनजवळचा मंद प्रवाह पडद्यावरून पुसला गेला. प्रवाह शिरेत होता, मला दिसत नव्हता. आजवर किती जणांच्या अहवालात असा मंद प्रवाह माझ्याकडून सुटला असेल, या विचाराने रात्री झोप लागली नाही. आता प्रत्येक शिरेच्या नोंदीला फिल्टर तपासायचा, असे दोघांनी ठरवले आहे.

कॉन्ट्रास्टपुढे, स्ट्रेनपुढे आणि कृत्रिम झडपांच्या दोन ओळींपुढेही कागद कोराच आहे, म्हणून पुढचे दोन महिने त्यांनाच देणार आहे. परीक्षेची तारीख मुंबईच्या केंद्रावर घ्यायचा विचार आहे.

नंदुरबारच्या ताईंना एक विनंती. कानशिलावरून धमनी शोधायला मला शिकायचे आहे आणि रविवारी माझी सुट्टी असते. नोंदणी झालेले यंत्र जागेवरून हलवता येत नाही, त्यामुळे आमचे यंत्र तिकडे आणणे शक्य नाही. पण सुरत पॅसेंजरने मी सकाळी नंदुरबारला पोहोचू शकतो, आणि आपल्या देखरेखीखाली आधी माझ्याच कानशिलावर सराव करता येईल. आपल्या यंत्रावर सेक्टर प्रोब आहे का, तेवढे कृपया कळवावे.